कोथरूडमधील दुकाने कधी उघडली, कधी बंद झाली, कुठे गेली: याची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न: मयूर कॉलनीतील रहिवासी

नमस्कार मंडळी,

श्रावण संपता संपता एका रविवारी सकाळी मी गव्हाचा डबा घेऊन नेहमीच्या गिरणीत गेलो, तेव्हा शटर खाली ओढलेले होते आणि त्यावर वहीचे एक पान चिकटवलेले होते. पावसाने त्यावरची शाई ओघळली होती. ‘गिरणी’ आणि ‘च्या समोर’ एवढीच अक्षरे शाबूत होती. कशाच्या समोर, ते वाहून गेले होते. शेजारच्या इस्त्रीवाल्यांना विचारले, तर ते म्हणाले, “मागच्या गल्लीत जाणार असं म्हणत होते, पण नक्की नाही सांगता येणार.” तेवीस वर्षे आमच्या घरचे दळण त्या गिरणीत होत होते. डब्याच्या झाकणावर आमचे आडनाव गिरणीवाल्या काकांनीच ऑइल पेंटने लिहिलेले आहे. नवरात्राच्या आधी राजगिरा आणि शिंगाडा दळायचा असला, की ते आदल्या रात्री गिरणी झाडून-पुसून ठेवत आणि सकाळचे पहिले दळण उपवासाचे घेत. इतकी वर्षे ज्यांच्या हातचे पीठ खाल्ले, ते गृहस्थ कुठे गेले हे मला सांगता येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटले.

आमच्या भागात कुठले ना कुठले शटर सतत खाली येत असते आणि कुठल्या ना कुठल्या दारावर नवे तोरण लागत असते. तरुण मंडळी फोनवर शोधून घेतात. परंतु आमच्या सोसायटीतील आणि ज्येष्ठ नागरिक संघातील अनेकांना शिंपी, चष्म्याचा दुकानदार किंवा मिक्सर दुरुस्त करणारा कुठे गेला हे कळायला दुसरा मार्ग नसतो. म्हणून दर महिन्याला एक पानाची माहिती तयार करून ती आसपासच्या सोसायट्यांच्या फलकांवर लावावी, असा माझा विचार आहे. त्यात नवीन उघडलेली दुकाने, बंद झालेली दुकाने आणि त्या महिन्यात भागात होणारे कार्यक्रम असतील. सुरुवात पौड फाट्यापासून कर्वे पुतळ्यापर्यंतचा कर्वे रस्ता, आयडियल कॉलनीपर्यंतचा पौड रस्ता आणि या दोहोंमधील गल्ल्या एवढ्यापुरतीच करणार आहे.

माझ्या शंका अशा आहेत. एखादे दुकान खरोखर बंद झाले, की हलले, की मालक केवळ गावी गेले आहेत, हे खात्रीने कसे ठरवावे? दुकान बंद होण्याचे कारण लिहिणे योग्य आहे का? आणि दिवाळी पहाट, प्रदर्शने, शेतकऱ्यांचा आठवडे बाजार अशा कार्यक्रमांची माहिती दुकानांच्या माहितीबरोबरच द्यावी, की ती वेगळी ठेवावी? ज्यांनी असे काही केले आहे किंवा ज्यांचे स्वतःचे दुकान आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: डहाणूकर कॉलनी, गृहरचना संस्थेचा माजी सचिव

आपला उपक्रम मला अतिशय आवडला. सर्वप्रथम सुचवतो, की ‘बंद’ हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरू नये. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जी दुकाने दिसेनाशी झाली, त्यांतील कित्येक धंदा बसला म्हणून गेलेली नाहीत. ज्या इमारतीच्या तळमजल्यावर ती होती, ती इमारतच पुनर्विकासाला गेली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवरील तीन-चार मजली इमारती चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्यांच्या तळाशी रस्त्याच्या बाजूने लहान लहान गाळे काढलेले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या परिसरात, भूखंडाचा आकार आणि रस्त्याची रुंदी पाहून, वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी, देण्याची तरतूद आहे. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो सुरू झाली. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि नळ स्टॉप या स्थानकांभोवती ५०० मीटरची वर्तुळे काढून पाहिली, तर आपण म्हणता त्या भागाचा मोठा हिस्सा त्यांत येतो. त्यातच ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या ठरावाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के सभासदांची संमती पुरते.

आता गाळ्यांचे काय होते ते सांगतो. आमच्या जुन्या इमारतीत पाच गाळे होते. त्यांपैकी दोघांचे गाळे मालकीचे होते आणि ते संस्थेचे सभासद होते, त्यामुळे त्यांना मतदानाचा हक्क होता, बांधकामाच्या काळात विकसकाकडून पर्यायी जागेचे भाडे मिळाले आणि नव्या इमारतीत गाळाही मिळाला. उरलेले तिघे लिव्ह अँड लायसन्स करारावर होते. त्यांना मालकाने करारातील मुदतीप्रमाणे नोटीस दिली, अनामत रक्कम परत केली आणि विषय तिथेच संपला. त्या तिघांत एक शिंपीकाका होते. दहा फूट बाय आठ फुटांच्या गाळ्यात दोन शिलाई यंत्रे, एक कापण्याचे टेबल आणि भिंतीला टांगलेली मापांची वही, एवढा त्यांचा संसार होता. नव्या इमारतीत तळाला वाहनतळ आला, गाळे आकाराने मोठे झाले आणि त्यांचे भाडे शिंप्याला परवडेल असे राहिले नाही. ते काका आता कर्वेनगरमध्ये मुलाच्या घरी बसून काम करतात. पुनर्विकासाला माझा विरोध नाही, मी स्वतः त्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते. परंतु त्या वेळी भाडेकरू गाळेधारकांचा नवा पत्ता संस्थेच्या दारावर लावावा एवढे साधे काम आमच्या समितीला सुचले नाही, ही चूक मला आजही टोचते.

म्हणून प्रत्येक नोंदीत ‘पुनर्विकासामुळे हलले’, ‘परत येणार’ किंवा ‘परत येणार नाही’ असे स्पष्ट लिहावे. आणखी एक उपयोगाची गोष्ट म्हणजे, इमारत रिकामी करण्याची तारीख शटरवर कागद लागण्याच्या किती तरी महिने आधी संस्थेच्या सूचना फलकावर आलेली असते. प्रत्येक सोसायटीच्या सचिवांशी ओळख ठेवलीत, तर दुकान हलण्यापूर्वीच आपल्याला माहिती मिळेल.

उत्तर: स्टेशनरी दुकानदार, पौड रस्ता

नमस्कार दादा. मी आणि माझे यजमान एकोणीस वर्षे शालेय वह्या-पुस्तके आणि स्टेशनरीचे दुकान चालवतो, म्हणून आपण विचारलेल्या पहिल्या दोन प्रश्नांवर थोडे विस्ताराने लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आमचा भाडेकरार संपला आणि मालकांनी गाळा दुसऱ्या व्यवसायाला देण्याचे ठरवले. त्यांचा तो हक्क होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही मुख्य रस्त्यावरून आतल्या गल्लीत आलो. अंतर म्हणाल तर चालत चार मिनिटे. परंतु आम्ही सामान हलवत असताना कुणीतरी एका नकाशाच्या ॲपवर आमचे दुकान ‘कायमचे बंद’ असे कळवून टाकले. ते दुरुस्त करून घेण्यात आमचा जून महिना निघून गेला. स्टेशनरीवाल्याचा जून जाणे म्हणजे काय, हे वर्षभराची उलाढाल ज्याची शाळा सुरू होण्याच्या पंधरवड्यावर अवलंबून असते त्यालाच कळेल. जुनी गिऱ्हाईके नंतर भेटली, की म्हणत, “अहो ताई, आम्हांला वाटलं तुम्ही बंदच केलंत.” म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, की दुकानदाराशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय कुणाच्याही नावापुढे ‘बंद’ लिहू नये. शटर खाली दिसले तर ‘शटर बंद दिसले, चौकशी सुरू आहे’ असे लिहावे आणि सोबत पाहिल्याची तारीख द्यावी. सलग दोन महिने तसेच राहिले, तर शेजारच्या दोन दुकानांत विचारावे. शेजाऱ्याकडे किल्ली नसली तरी फोन नंबर असतोच. मात्र तो नंबर मालकाला विचारल्याशिवाय आपल्या पानावर छापू नये.

कारणाबद्दल माझे मत असे, की दुकानदार स्वतः सांगेल तेवढेच लिहावे. घरातील आजारपण, भावाभावांतील वाटणी, कर्ज, मालकाशी झालेला वाद, अशी अनेक कारणे शटरमागे असतात आणि ती सोसायटीच्या फलकावर यावीत असे कुणालाच वाटत नाही. ‘मालक निवृत्त झाले’ एवढे एक वाक्य ज्यांना सन्मानाचे वाटते, त्यांच्यासाठी ते अवश्य लिहा.

भाड्याच्या व्यवहाराची थोडी माहिती असेल, तर दुकाने केव्हा हलतात याचा अंदाज येतो. गाळ्यांचे करार बहुधा अकरा महिन्यांचे, तीन वर्षांचे किंवा फार तर पाच वर्षांचे असतात, आणि दर वर्षी भाडे किती वाढणार ते करारातच लिहिलेले असते. आतले फर्निचर, रंगकाम आणि पाटी यांचा खर्च भाडेकरूने केलेला असतो, त्यामुळे करार संपेपर्यंत तो तग धरतो आणि संपताच हलतो. ज्या गाळ्यात तीन वर्षांत तीन दुकाने आली, तिथे माणसांना धंदा येत नव्हता असा निष्कर्ष लगेच काढू नये. आमच्या समोरच्या अशा एका गाळ्यापुढे वाहन उभे करायला जागा नाही आणि मेट्रोच्या खांबामुळे पलीकडून पाटी दिसत नाही. मेट्रो सुरू झाल्याचा आनंद आम्हांलाही आहे, माझी मुलगी रोज तिनेच महाविद्यालयात जाते. परंतु काम चालू असतानाच्या काळात पत्र्यांच्या आड ज्यांनी दुकाने चालवली, त्यांनी काय सोसले ते पाहिले आहे, म्हणून लिहिले.

उघडण्याच्या नोंदींविषयीही सांगते. आपल्याकडे दुकानाचा मुहूर्त पाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा पाहून होतो, आणि पितृपक्षात सहसा कुणी नवे दुकान उघडत नाही. त्यामुळे या महिन्यात आपल्या पानावर नवीन दुकाने कमी दिसतील आणि दसऱ्याच्या महिन्यात एकदम गर्दी होईल. त्यावरून मंदी किंवा तेजी ठरवू नये. पूजा झाली म्हणजे दुकान सुरू झाले असेही नसते. कित्येकदा मुहूर्त साधून घट आणि तराजू मांडतात आणि माल नंतर भरतात. म्हणून ‘मुहूर्त’ आणि ‘विक्री सुरू’ अशा दोन तारखा लिहाव्यात. दुकानाचे नाव पाटीवर मराठीत जसे आहे तसेच घ्यावे. दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आहे, त्यामुळे नाव कसे लिहायचे हा प्रश्नच उरत नाही.

आणि दादा, गिरणीवाले काका मागच्याच गल्लीत आले आहेत. दूध डेअरीच्या समोर, जिन्याखालचा गाळा. तीन फेजची जोडणी झाली, की दसऱ्याला सुरू करणार असे परवाच म्हणत होते. गिरणीला जागा मिळणे फार कठीण झाले आहे, कारण हादरे आणि आवाज यांमुळे नव्या इमारतींत तिला कुणी जागा देत नाही.

उत्तर: नकाशाचे काम करणारा स्वयंसेवक, आयडियल कॉलनी

एक छोटी सूचना. ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांना खुला असलेला नकाशा आहे आणि त्यात कुणालाही नोंदी दुरुस्त करता येतात. दुकान गेले म्हणून तिथली खूण पुसून टाकण्याऐवजी ते ‘वापरात नाही’ असे दाखवण्याची सोय त्यात आहे, शिवाय उघडण्या-बंद होण्याच्या वेळाही लिहिता येतात. दुपारी एक ते चार बंद असणारी दुकाने आपल्याकडे अजून बरीच आहेत. ज्येष्ठांनी भर उन्हात हेलपाटा घालू नये यासाठी ही वेळ कागदावरही हवी. आपले पान तयार झाले, की त्यावरून नकाशा अद्ययावत करण्याचे काम मी आनंदाने करीन.

उत्तर: महिला गटाची कार्यकर्ती, कर्वे पुतळा परिसर

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण आमचा गट दिवाळीपूर्वी घरगुती फराळ, पणत्या आणि हस्तकलेच्या वस्तूंचे प्रदर्शन भरवतो आणि गेली चार वर्षे दिवाळी पहाटही करतो. कार्यक्रमांची माहिती दुकानांबरोबर एकाच पानावर द्यावी, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही एकाच रस्त्यावर घडतात आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो.

पहिल्या वर्षी आम्ही प्रदर्शनाचा मांडव एका गल्लीच्या तोंडाशी घातला आणि आतल्या सहा दुकानांची वाट अडली. परवानग्या सगळ्या रीतसर होत्या, महापालिकेच्या आणि वाहतूक पोलिसांच्याही. तरीही त्या दुकानदारांना आम्ही आधी विचारले नव्हते. धनत्रयोदशीच्या आधीच्या शनिवार-रविवारी त्यांचे गिऱ्हाईक परत गेले. भांड्यांच्या दुकानातील आजोबा आमच्याकडे आले आणि आवाज न चढवता म्हणाले, “बाळ, वर्षातले दोनच दिवस होते हो हे.” ते वाक्य मी विसरू शकत नाही. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही मांडव मोकळ्या मैदानात नेला, प्रवेशद्वारापाशी आसपासच्या दुकानांची नावे लिहिलेला फलक उभा केला आणि त्याच आजोबांकडून बक्षिसाची पितळी निरांजने घेतली.

दिवाळी पहाटेसंबंधी वेळेचा एक मुद्दा लक्षात ठेवावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र मानली जाते आणि त्या काळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; बंदिस्त सभागृहाला ही अट लागू होत नाही. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सवलत मिळते, पण ती रात्री दहा ते बारा यांसाठी असते, पहाटेसाठी नसते. म्हणून आम्ही उद्यानातील गाणे सहा वाजता सुरू करतो. आपल्या पानावर कार्यक्रमाची वेळ लिहिताना आयोजकांना एवढे विचारून घ्यावे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, हेही जाता जाता सांगावे, कारण आवाजामुळे खिडक्या लावून बसणारी माणसेही आपल्याच सोसायट्यांतील असतात.

दिवाळी पहाट आठच्या सुमाराला संपते. तीन-चारशे माणसे नव्या कपड्यांत, प्रसन्न मनाने रस्त्यावर येतात आणि त्या वेळी चहा-पोह्यांचे एखादे ठिकाण सोडले, तर सगळी शटरे खाली असतात. गेल्या वर्षी आम्ही फुलवाले, मिठाईवाले आणि एक पुस्तकांचे दुकान यांना आठवडाभर आधी सांगितले आणि त्यांनी साडेसातला दुकान उघडले. पुस्तकवाल्यांनी बाहेर टेबल मांडून दिवाळी अंक ठेवले होते. नऊ वाजेपर्यंत टेबल जवळजवळ रिकामे झाले. कार्यक्रमाची माहिती दुकानदारांपर्यंत वेळेवर पोहोचली पाहिजे, ती केवळ प्रेक्षकांसाठी नसते. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो आणि रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवतात. तसे काही आपल्या एखाद्या गल्लीत करायचे झाले, तर माल उतरवण्याची वेळ दुकानदारांशी बोलूनच ठरवावी लागेल.

शेतकरी आठवडे बाजाराचा वार, वेळ आणि जागा मात्र दर महिन्याला नव्याने तपासून लिहा. जागा बदलली, की भाजीच्या पिशव्या घेऊन माणसे रिकाम्या मैदानात उभी राहतात, हे मी पाहिले आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: मयूर कॉलनीतील रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण लिहिल्याप्रमाणे मी नोंदीचा नमुना बदलला आहे. प्रत्येक दुकानापुढे पाटीवरील नाव, जुना पत्ता, नवा पत्ता, शेवटी प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख, दुपारची सुट्टी आणि माहिती कुणी दिली, एवढे रकाने ठेवले आहेत. स्थितीसाठी ‘सुरू’, ‘हलले’, ‘परत येणार’, ‘मालकांनी बंद केले’ आणि ‘चौकशी सुरू’ हेच शब्द वापरीन. कारणाचा रकाना काढून टाकला आहे. उजवीकडे त्या महिन्याचे कार्यक्रम असतील आणि ती माहिती पंधरा दिवस आधी त्या गल्लीतील दुकानांत मी स्वतः नेऊन देईन.

सचिव महोदय, शिंपीकाकांची हरकत नसेल तर त्यांचा कर्वेनगरचा पत्ता पहिल्याच पानावर घ्यायची माझी इच्छा आहे. आमच्या सोसायटीतील दोन आजी त्यांच्याकडेच ब्लाउज शिवत असत आणि अजूनही विचारतात. आपण त्यांना विचारून कळवाल का?

ताई, काल संध्याकाळी डेअरीसमोर जाऊन आलो. गिरणीवाले काका जिन्याखाली बसून नव्या जागेच्या भिंतीला चुना देत होते. मला पाहताच त्यांनी विचारले, “डबा आणलात का?” जोडणी अजून व्हायची आहे, म्हणून पानावर त्यांच्या नावापुढे सध्या ‘हलले, दसऱ्याला सुरू होणार’ असे लिहिले आहे. दसऱ्याच्या सकाळी डबा घेऊन जाईन आणि पीठ हातात पडल्यावर ‘सुरू’ अशी नोंद करीन.